गव्हाचं पाणी खरिपात ठरतं



पत्रिकेवर विषयाचं नाव जरा भारदस्त छापलं गेलंय: गव्हाच्या शेतासाठी माती, हवामान आणि अपधाव यांची मॉडेलं. वाचून वाटावं की आज इथे फळाभर समीकरणं येणार. एकच येईल, तेही शब्दांत. मूळ प्रश्न साधा आहे. ऑक्टोबरात तुम्ही शेताच्या बांधावर उभे आहात. विहीर आहे, पण ती होळीपर्यंत साथ देईल याची खात्री नाही. या जमिनीत आत्ता जी ओल आहे, तिच्यावर गहू पेरला तर दाणा भरेपर्यंत निभावेल का? मार्चमध्ये याचं उत्तर कुणीही देईल. ते ऑक्टोबरात, आकड्यांत देता यावं, म्हणून गेली पन्नासएक वर्षं जगभर पिकांची मॉडेलं लिहिली जात आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचंय त्यांची सोय होईल. गहू कसा वाढतो, किती दिवसांत कांडी धरतो, किती पानं काढतो, याचं गणित बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे. कच्चं राहिलंय ते पेरणीच्या कितीतरी आधीचं गणित: पावसाळ्यात पडलेल्या पाण्यातलं जमिनीत किती शिरलं आणि ओघळीनं किती निघून गेलं. आपल्या काळ्या जमिनीत तर हा आकडा सगळ्यात कच्चा आहे, आणि कोरडवाहू गव्हाचं सगळं भवितव्य त्याच एका आकड्यावर उभं आहे.

सुरुवात इंग्लंडमधून करू. तिथे रोथॅमस्टेडला ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी सुरू केलेला हा प्रयोग आजही थांबलेला नाही. १८७० साली त्यांनी रोथॅमस्टेडलाच मातीचे तीन ठोकळे, वीस, चाळीस आणि साठ इंच खोलीचे, होते तसे विटांनी बांधून घेतले आणि तळाशी झिरपणारं पाणी मोजायला लागले. माती उकरून पुन्हा भरली नाही, हे महत्त्वाचं. उकरलेली माती ही वेगळी माती असते. पुढे १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती या संस्थेत आला. संस्थेकडे साठ-सत्तर वर्षांचे पावसाचे आणि गव्हाच्या उत्पन्नाचे आकडे साठले होते. फिशरनं त्यांचा मेळ घातला: वर्षाच्या कोणत्या टप्प्यात एक इंच पाऊस सरासरीपेक्षा जास्त झाला तर गहू किती वाढतो किंवा घटतो. निष्कर्ष आपल्या कानाला विचित्र वाटेल. बहुतेक तुकड्यांत, वर्षाच्या बहुतेक काळात, जादा पावसानं उत्पन्न घटत होतं. कारण तिथल्या ओल्या हिवाळ्यात पाणी मुळांखाली झिरपून जाताना नायट्रेट बरोबर घेऊन जातं. पाणी कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता, अन्न धुऊन जाण्याचा होता.

आता हाच हिशेब अहिल्यानगर किंवा बुलढाण्याच्या जिरायत गव्हाला लावला तर? चिन्ह उलटं होईल. हस्ताचा एक जादा इंच म्हणजे इथे पोत्यांचा फरक. तोच गहू, तोच इंच, आणि परिणाम विरुद्ध. पाऊस आणि उत्पन्न यांचा थेट संबंध जोडणारं कोणतंही सूत्र एका गावाबाहेर नेता येत नाही, ते या कारणानं. दोघांच्या मध्ये माती आहे. ती किती पाणी घेते, किती धरते, किती परत देते, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

म्हणून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. जमेला पाऊस आणि दिलेलं पाणी. खर्चाला वाहून गेलेलं, तळाशी झिरपलेलं, जमिनीवरून उडालेलं आणि पिकानं प्यायलेलं. उरली ती ओल. यातला आकाशाकडे जाणारा खर्च मोजण्याची चांगली रीत हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली रोथॅमस्टेडलाच दिली: ऊन, वारा, हवेतली आर्द्रता आणि तापमान कळलं की आकाश दिवसाला किती पाणी ओढू शकतं ते काढता येतं. आपल्याकडेही हा विचार नवा नव्हता. पुण्याच्या वेधशाळेत १९३२ साली कृषी हवामान विभाग सुरू झाला आणि एल. ए. रामदास यांनी शेताच्या पातळीवरचं हवामान, म्हणजे पिकाच्या उंचीवरची हवा आणि मातीतलं तापमान, मोजायला घेतलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर पहाटेची हवा प्रत्यक्ष जमिनीपेक्षा थंड असते, हा त्यांचा शोध तेव्हा बाहेरच्या अनेकांना पटला नव्हता. नंतर पटला.

आकाशानं ओढायचं ठरवलं तरी माती देईलच असं नाही. इथे एका माणसाचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि ते कुठे झालं हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. टेक्सास राज्यात टेंपल नावाचं गाव आहे. तिथली जमीन काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. आपल्या काळीची सख्खी नव्हे तरी चुलत बहीण. तिथे जो रिची यांनी वजनकाट्यावर ठेवलेल्या मातीतून रोज किती पाणी उडतं ते मोजलं आणि १९७२ साली मांडलं की उघड्या जमिनीवरून बाष्पीभवन दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात माती ओली असते, आकाश मागेल तितकं देते. वरचा थर वाळला की दुसरा टप्पा: मग आकाश कितीही तापो, रोजचा खर्च झपाट्यानं उतरत जातो. वखरानं वरचा दोन बोटं थर भुसभुशीत करून ठेवणारा आपला शेतकरी त्या दुसऱ्या टप्प्याला लवकर हात घालत असतो, आणि वर भेगाही बुजवत असतो. मांजरी आणि सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनात १९२० आणि ३०च्या दशकांत कानिटकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टींवर भर दिला होता.

रिची यांच्या या पायावर पुढे सेरेस-व्हीट नावाचं गव्हाचं मॉडेल उभं राहिलं. त्याच टेंपलमध्ये जिमी विल्यम्स यांनी एपिक, तर जेफ अर्नोल्ड यांनी स्वॅट लिहिलं. जमिनीची धूप आणि पाणलोट यांसाठी आज जगात खूप वापरली जाणारी मॉडेलं त्या एका काळ्या मातीच्या गावातून निघाली. तेव्हा परदेशी मॉडेलं आपल्या मातीला चालणार नाहीत, हे वाक्य सरसकट उच्चारण्यात अर्थ नाही. काही तर आपल्यासारख्याच मातीवर जन्मली आहेत. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे.

या मॉडेलांत जमीन म्हणजे एकावर एक थर. प्रत्येक थराला दोन मर्यादा: वरची, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून गेल्यावर उरणारी ओल, आणि खालची, म्हणजे जिच्यापुढे मुळांना काही ओढता येत नाही ती. दोहोंमधलं पाणी पिकाचं. एक मीटर खोल काळ्या जमिनीत हे साधारण दीडशे ते दोनशे मिलिमीटर भरतं. खाली मुरूम असलेल्या वीतभर जमिनीत याचा एक लहानसा हिस्साच. वरचा थर भरला की पाणी खालच्यात जातं. हे सगळं ठीक. पण पहिल्या थरात पाणी येतं कुठून? पावसातून अपधाव, म्हणजे वाहून गेलेलं पाणी, वजा करून. आणि तो अपधाव काढण्यासाठी बहुतेक मॉडेलांनी एक जुनं, साधं, भलत्याच कामासाठी केलेलं सूत्र उचललं आहे. त्याचं नाव कर्व्ह नंबर पद्धत.

तिची जन्मकथा सांगायला हवी. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवरून मातीची वादळं उठली, तेव्हा १९३५ साली तिथल्या सरकारनं मृदसंधारण सेवा स्थापन केली. बांध, तळी, सांडवे बांधायचे तर एका मोठ्या पावसात किती पाणी वाहून येईल हे कळायला हवं. लहान पाणलोटांवर मोजणीची साधनं नव्हती. असायचा तो फक्त चोवीस तासांचा पाऊस. व्हिक्टर मोकस यांनी जमवाजमव करून १९५४च्या सुमारास एक सूत्र बसवलं. ते असं: जमिनीचा एक साठा धरा. पावसातला सुरुवातीचा काही भाग, त्या साठ्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, अजिबात न वाहता मुरतो. त्यानंतरच्या पावसातलं काही मुरतं, काही वाहतं, आणि पाऊस जितका मोठा तितका वाहणारा वाटा मोठा. साठा किती, ते शून्य ते शंभर अशा एका क्रमांकावरून काढायचं. क्रमांक जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहणार. मातीचे चार गट: अ म्हणजे वाळूसारखी पाणी गिळणारी, ड म्हणजे चिकण. आपली काळी ड गटात.

तो पाचवा हिस्सा कसा ठरला? मोजलेले बिंदू आलेखावर मांडले, ते इतके विखुरलेले होते की निम्मे बिंदू साठ्याच्या साडेनऊ ते अडतीस टक्क्यांच्या दरम्यान पडले, आणि उरलेले निम्मे त्याही बाहेर. मधून एक रेघ ओढली, ती वीस टक्क्यांची. सांडवा किती रुंद ठेवायचा हे ठरवायला एवढं पुरतं. पण हीच रेघ पुढे पिकांच्या मॉडेलांत जाऊन बसली आणि रोजच्या रोज, प्रत्येक सरीसाठी, गव्हाच्या मुळांना किती पाणी मिळणार ते ठरवू लागली.

आकडे घालून पाहू. सप्टेंबरात एका दिवशी ६० मिलिमीटर पाऊस झाला, जमीन ड गटातली. अमेरिकी तक्त्यात बारीक धान्यांच्या पिकाला, ओळी सरळ आणि पीक विरळ असेल तर, क्रमांक ८८ दिलाय. सूत्रात घातला की ३२ मिलिमीटर वाहून गेलं. पेरणी समतल, जमिनीला बांधबंदिस्ती आणि पीक दाट असेल तर क्रमांक ८१, आणि वाहून गेलेलं पाणी साडेएकवीस मिलिमीटर. या बदलांनी मिळून दहा मिलिमीटर वाचले. हेक्टरावर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर, तेव्हा हे लाखभर लिटर पाणी झालं, एका दिवसाचं.

इथे मला जरा थांबायचंय, कारण बहुतेक अहवालांत या ठिकाणी एक चूक शांतपणे होऊन जाते. गव्हाचं शेत म्हणून तक्त्यातली धान्याची ओळ उचलली जाते. पण ती ओळ अशा देशासाठी आहे जिथे गव्हावर पाऊस पडतो. आपला गहू उभा असतो तेव्हा आभाळ कोरडं असतं. एखादी अवकाळी सर किंवा गारपीट सोडा. आपल्या गव्हाच्या शेतावर पाऊस पडतो तो जून ते ऑक्टोबरात, तेव्हा तिथे गहू नसतो. जिरायत रब्बीची भारी जमीन परंपरेनं खरिपात पड ठेवलेली असते आणि तण मारायला तिच्यावर पाळ्या घातलेल्या असतात. म्हणजे आपल्याला हवा तो क्रमांक उघड्या पडीचा. ड गटात तो ९४ आहे. आता तेच ६० मिलिमीटर पुन्हा घाला: ४४ मिलिमीटर वाहून गेले, १६ उरले. चुकीच्या ओळीतून क्रमांक घेतल्यानं एका दिवसात बारा मिलिमीटरची ओल कागदावर नसती वाढली होती.

बारा मिलिमीटर म्हणजे किती गहू? दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्रेंच आणि शुल्ट्झ यांनी १९८४ साली एक अगदी सोपा हिशेब दिला: उपलब्ध पाण्यातून बाष्पीभवनाचे ११० मिलिमीटर वजा करा, उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे हेक्टरी जास्तीत जास्त वीस किलो गहू. ही वरची मर्यादा झाली. आपल्याकडे उन्हाचा ताव पाहता त्याच्या बऱ्याच खाली राहू. तरीही चार-पाच अशा पावसांची बेरीज केलीत तर कोरडवाहू गव्हाचं पीक हाती येणं आणि न येणं यातलं अंतर भरून निघतं. या सूत्राला संगणक लागत नाही. पाकिटाच्या मागे करता येतं, आणि तिथले शेतकरी वर्षानुवर्षं तसंच करत आले. सोप्या मॉडेलांना नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

कर्व्ह नंबर पद्धत भारतात आली तेव्हा आपल्या लोकांनी डोळे मिटून घेतली नाही, हे नोंदवायला हवं. कृषी मंत्रालयानं १९७२ साली काढलेल्या जलविज्ञानाच्या पुस्तिकेत त्या पाचव्या हिश्श्याच्या जागी दोन वेगळे आकडे दिले. एरवी साठ्याचे ३० टक्के, पण काळी जमीन आधीच ओली झालेली असेल तर फक्त १० टक्के. लहान सरीत हा फरक ठळक दिसतो. क्रमांक ८८ आणि पाऊस २० मिलिमीटर घेतला, तर पहिल्या रीतीनं दोन मिलिमीटर वाहतं, दुसऱ्या रीतीनं सव्वापाच. काळ्या जमिनीसाठी देशाच्या पुस्तिकेत वेगळा नियम करावा लागला, यातच तिच्या स्वभावाची कबुली आहे.

तरी तो स्वभाव त्यात पूर्ण आलेला नाही. मूळ पद्धत जमीन ओली की कोरडी हे मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून ठरवते. पिकाच्या हंगामात पाच दिवसांत ३५-३६ मिलिमीटरपेक्षा कमी झाला असेल तर कोरडी, ५३च्या वर झाला असेल तर ओली. काळ्या जमिनीची आठवण पाच दिवसांची नसते, हंगामाची असते. मृगाआधी तिला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांत पाणी या भेगांतून थेट खाली जातं आणि शेताबाहेर क्वचितच थेंब पडतो. या वेळी पाच दिवसांचा नियम सांगतो, पाऊस भरपूर झालाय, आता पाणी वाहणार. ते वाहत नाही. पुढे श्रावणात भेगा मिटतात, माती फुगते, आणि पाणी मुरण्याचा वेग ताशी एखाद्या मिलिमीटरवर किंवा त्याच्याही खाली येतो. मग आठवडाभर उघडीप पडते, वरचा थर वाळतो, आणि नियम म्हणतो जमीन कोरडी आहे, पुढचा पाऊस मुरेल. तो मुरत नाही. खाली सगळं भरलेलं असतं. म्हणजे हंगामाच्या दोन्ही टोकांना चूक, आणि दोन्ही वेळा उलट दिशेनं.

नव्या मॉडेलांनी पाच दिवसांचा नियम सोडून तो क्रमांक मातीतल्या रोजच्या ओलीशी जोडला. स्वॅटमध्ये भेगांसाठी वेगळी सोयही आहे. सुधारणा झाली, पण एक गोष्ट अजून सुटत नाही. थरांच्या हिशेबात पाणी वरून खाली भरत जातं. भेगाळलेल्या जमिनीत ते आधी भेगेच्या तळाशी पोचतं आणि वरची ढेकळं आतून कोरडी राहतात. मॉडेल म्हणतं खाली कोरडं, प्रत्यक्षात तिथे ओल. फेब्रुवारीत गव्हाचं मूळ नेमकं तिथेच पोचलेलं असतं.

याच मातीवर, याच प्रश्नावर, सगळ्यात चांगलं काम माझ्या मते ऑस्ट्रेलियात झालंय. क्वीन्सलंडमध्ये टूवूम्बाच्या आसपास डार्लिंग डाउन्स नावाचा पट्टा आहे. जमीन काळी, भेगाळणारी. पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात. गहू हिवाळ्यात, मे-जूनमध्ये पेरतात, आणि तो बराचसा साठवलेल्या ओलीवर वाढतो. ऋतू उलटे आहेत एवढं सोडलं तर आपली रब्बीच. तिथे १९७०च्या दशकापासून डेव्हिड फ्रीबेर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष शेतांच्या तोंडाशी मापनयंत्रं बसवली आणि पडीवर पडलेल्या पावसातलं किती पाणी आणि किती माती बाहेर जाते ते मोजलं. गव्हाचं धसकट आणि काड जागेवर ठेवलं तर काय होतं, जाळलं तर काय, नांगरून गाडलं तर काय, सगळं वेगवेगळं. उत्तर ठसठशीत आलं. जमिनीचा तिसरा हिस्सा जरी काडानं झाकलेला राहिला तरी वाहून जाणारी माती कितीतरी पट घटते. थेंब मातीवर न आपटता काडावर आपटतो, त्यामुळे वरचा पापुद्रा तयार होत नाही, आणि पापुद्रा नसला की पाणी मुरतं.

या मोजण्यांवर त्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस परफेक्ट नावाचं मॉडेल बांधलं. त्यातही कर्व्ह नंबरच आहे, पण तो स्थिर नाही. झाकण वाढलं की क्रमांक उतरतो. हीच युक्ती पुढे ॲप्सिम या मॉडेलमध्ये गेली. तिथे झाकण ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचलं की क्रमांकातून वीसपर्यंत वजा होतात. मी हे एवढ्या तपशिलात सांगतोय, कारण इथे सूत्र जुनंच राहिलं. त्यात घालायचा आकडा त्यांनी स्वतःच्या मातीवर मोजला, एवढाच फरक. आणि तो पुरला. त्यांना हेही कळलं की इतकं सगळं करूनही पडीच्या काळातल्या पावसाचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा ओल म्हणून उरतो. बाकीचं उडून किंवा वाहून जातं.

मग आपणही काड रानात ठेवावं का? मॉडेल तर तसंच सांगेल. पण त्या काडाला इथे मालक आहेत, चार पायांचे. गव्हाचा भुसा आणि ज्वारीचा कडबा हा दुष्काळी पट्ट्यातला चारा आहे, कधीकधी दाण्याइतक्याच महत्त्वाचा. डार्लिंग डाउन्सच्या शेतकऱ्याला काडाचं करायचं काय हा प्रश्न असतो, आपल्याकडे काड पुरवायचं कसं हा. मॉडेलमध्ये बैलांचा रकाना नाही, आणि तो घातल्याशिवाय आलेली शिफारस मी कुणाला वाचूनही दाखवणार नाही. आपल्या परिस्थितीला जवळचं उत्तर पटानचेरूला इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या काळ्या जमिनीवर १९७६ पासून मोजलं गेलंय. खरिपात पड ठेवण्याऐवजी रुंद वरंबा-सरीवर पीक घेतलं की शेत झाकलंही जातं आणि जादा पाणी सरीतून सावकाश निघतं. तिथे पारंपरिक पडीवरून पावसाचा साधारण चौथा हिस्सा वाहून जात होता. सुधारित पद्धतीत तो निम्म्याच्याही खाली आला, आणि वाहून जाणारी माती जवळपास चौथ्या हिश्श्यावर. अर्थात खरिपाचं पीक स्वतःही पाणी पितं. मागून येणाऱ्या गव्हाला किती उरतं हा हिशेब प्रत्येक शेतात वेगळा येणार, आणि मॉडेलचा खरा उपयोग अशाच ठिकाणी आहे.

उलट मोजल्याविना केलेलं काम कसं फसतं, त्याचंही उदाहरण घरचंच आहे. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्यानंतर राज्यात बांधबंदिस्तीची मोठी कामं झाली. हलक्या आणि मध्यम जमिनीत ती उपयोगी पडली. खोल काळ्या जमिनीत बांधामागे पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिलं, आणि उन्हाळ्यात भेगाळलेले बांध पुढच्या पावसात फुटले. तोच आराखडा, माती वेगळी.

आणि काळ्या मातीतही एकसारखेपणा नाही. विदर्भातला पूर्णेचा खारपाणपट्टा घ्या, अकोला, अमरावती, बुलढाण्याचा. नकाशावर रंग काळा, गट ड. पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं, खालच्या थरांत तर जास्तच. भिजली की ही माती विरघळल्यासारखी होते आणि पाण्याची वाट बंद करते. शेजारच्या चांगल्या काळीचा क्रमांक इथे लावला तर मॉडेल खूप ओल दाखवेल आणि पीक वाळेल.

याची माहिती शेतागणिक मिळणार कुठून? नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, तिचे नकाशे चांगले आहेत, पण ते एका शेतापुरते नाहीत. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून शेतकऱ्याच्या हातात आहे. तीत बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त आणि अशा. खताचा सल्ला द्यायला उत्तम. पण जमीन किती खोल आहे आणि ती किती पाणी धरते, यांचा त्या बारात समावेश नाही. पिकाच्या मॉडेलला सगळ्यात आधी लागतात ते हेच दोन आकडे. पावसाच्या बाबतीत आपण बरे आहोत. महावेध प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांत मिळून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी आहेत, आणि दिवसाचा एकच आकडा घेण्याऐवजी पाऊस कोणत्या तासाला पडला हेही त्यांवरून कळू शकतं. सकाळी साडेआठला वाचलेल्या ६० मिलिमीटरमध्ये रात्रभराची रिपरिप आणि पाऊण तासाची ढगफुटीसारखी सर, दोन्ही सारखीच दिसतात. जमिनीला ती सारखी नसतात. राज्यात पाऊस मोजणारी इतकी केंद्रं आणि शेतातून वाहून जाणारं पाणी मोजणारी ठिकाणं मात्र अगदी मोजकी. ही विषमता मला खटकते. कृषी विद्यापीठांच्या प्रत्येक मोठ्या प्रक्षेत्रावर चार-दोन वाफ्यांच्या तोंडाशी एक फ्लूम, म्हणजे पाणी मोजायची पन्हळ, आणि पाण्याची उंची नोंदणारं यंत्र बसवायला फार पैसा लागत नाही. तिथे रोज जाणारा माणूस लागतो, आणि तो दहा वर्षं लागतो.

हवामानाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर बाकी वक्ते पुष्कळ बोलतात. मार्च २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि त्याच वर्षी मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबली. दाणा भरताना आलेली उष्णता पान लवकर पिवळं पाडते. लोबेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली उपग्रहाच्या चित्रांवरून उत्तर भारतातल्या गव्हाचं पिवळं पडणं तपासलं, तेव्हा दिसलं की तेव्हाची मॉडेलं तीव्र उष्णतेचा फटका कमी लेखत होती. पुढे आसेंग यांच्या पुढाकारानं तीस मॉडेलं एकाच प्रयोगाच्या आकड्यांवर शेजारी शेजारी चालवली गेली, आणि २०१५ साली सरासरी उत्तर आलं: तापमान एक अंश वाढलं की जगाचं गव्हाचं उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटतं. या कामातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एकट्या कुठल्याही मॉडेलपेक्षा सगळ्यांच्या मधलं उत्तर प्रत्यक्षाला जास्त जवळ होतं.

आता पेरणीच्या तारखेकडे येऊ. जिरायत गहू ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरायची शिफारस आहे, बागायत गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. जिरायतीची ओढाताण अशी: लवकर पेरावं तर जमीन तापलेली, फुटवे कमी येतात. थांबावं तर थंडी मिळते, पण रोज वरची ओल खाली सरकते आणि पाभरीचं बी कोरड्यात पडतं. निफाडच्या संशोधन केंद्राच्या पंचवटीसारखा जिरायतीचा बन्सी वाणही या ओढाताणीतून सुटत नाही. इथे मॉडेल कामाला येतं, पण एका अटीवर. पेरणीच्या दिवशी एक मीटरपर्यंत ओल किती, हे मोजून द्यावं लागतं. मग त्यावर मागच्या तीस वर्षांचं हवामान एकेक करून चालवायचं आणि सांगायचं की या ओलीवर पेरलंत तर तीसपैकी इतक्या वर्षांत हेक्टरी दहा क्विंटलच्या वर जाल. १९८३ साली पटानचेरूला जगभरचे तज्ज्ञ जमले आणि मॉडेल चालवायला किमान कोणती माहिती लागते ते ठरवायला बसले, तेव्हा सुरुवातीची ओल त्या यादीत होती. आजही ती सगळ्यात कमी वेळा मोजली जाते. बहुतेक जण खरिपाच्या पावसावरून ती काढतात, म्हणजे पुन्हा त्या कर्व्ह नंबरवरच येतात.

मोजायचं कसं? क्वीन्सलंडचे शेतकरी एक लांब पोलादी सळई, टोकाला जरा जाड केलेली, जमिनीत दाबतात. ओल्या चिकण मातीत ती जाते, कोरड्यापाशी अडते. अडली तिथवर ओल. शेतात दहा ठिकाणी दाबून सरासरी काढतात, आणि मातीच्या प्रकारावरून ती खोली मिलिमीटरमध्ये बदलतात. आपल्याकडे पाळी घातलेल्या, दगडगोटे नसलेल्या भारी जमिनीत हे जमेल. मुरूम लवकर लागणाऱ्या रानात नाही.

उरलेला वेळ प्रश्नांना देतो. एक चिठ्ठी मघाशीच आली आहे: उपग्रहावरून जमिनीतली ओल कळते म्हणतात, मग सळई कशाला? कळते, हे खरं आहे. अमेरिकेचा स्मॅप हा उपग्रह २०१५ पासून हेच काम करतो. पण त्याच्या रेडिओमापकाला दिसते ती वरच्या पाच सेंटिमीटरची ओल, आणि त्याचा मूळ चौकोन सुमारे छत्तीस किलोमीटरचा. एका चौकोनात एखादा अख्खा तालुका मावेल, भारी रानं, माळ, ओढा आणि बागायत सगळं धरून. ऑक्टोबरात वरचे पाच सेंटिमीटर बहुतेक सगळ्याच रानांचे कोरडे असतात. ज्या रानात तीन फुटांवर ओल आहे त्याचेही, आणि ज्यात नाही त्याचेही.